छावणीतलं पाणी: तोटीपासून तांब्यापर्यंत

सुदानच्या ब्लू नाईल प्रांतातल्या लढाईतून पळालेले एक लाखाहून अधिक लोक २०१२ साली दक्षिण सुदानच्या माबान भागात येऊन पडले. डोरो, बातिल, जमाम, गेन्द्रासा अशा छावण्या उभ्या राहिल्या. तिथली जमीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखीच काळी, चिकण. उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून पाणी धरून ठेवते. जमाममध्ये विंधनविहिरींना पुरेसं पाणी लागलं नाही आणि पाऊस आला तेव्हा छावणीच पाण्यात गेली. त्याच वर्षी तिथे हेपॅटायटिस-ई ची साथ सुरू झाली. ही कावीळ गर्भवतींच्या जिवावर उठते, त्यातही शेवटच्या तिमाहीत. आणि ती घाणेरड्या पाण्यातून व हातांतून पसरते.

अशा छावणीत पाण्याची व्यवस्था कशी बसवायची आणि जुलाबाच्या रुग्णाला कसं सांभाळायचं, ते पुढे सांगितलं आहे. ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाचं काम केलेल्याला, प्राथमिक आरोग्य केंद्रात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) आणि ओटी टेस्ट (पाण्यातल्या क्लोरीनची रंगचाचणी) हाताळलेल्याला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की गावात तोटीला क्लोरीन सापडला की नोंद होते आणि काम संपतं. छावणीत खरं मोजमाप घरातल्या शेवटच्या भांड्यात करायचं असतं.

आधी किती पाणी

माणशी दिवसाला किमान १५ लिटर, पिणं, स्वयंपाक, आंघोळ आणि धुणं धरून. ५,००० लोकांना रोज ७५,००० लिटर झालं. एका तोटीवर जास्तीत जास्त २५० माणसं, म्हणजे २० तोट्या. आता हा हिशेब करून बघा: २५० माणसांचे ३,७५० लिटर, आणि मिनिटाला साडेसात लिटर देणारी तोटी असेल तर ती सलग ५०० मिनिटं, म्हणजे आठ तासांहून जास्त, चालू हवी. पाणी चारच तास सोडलं तर कागदावर तोट्या पुरेशा दिसतात आणि लोकांना मात्र निम्मं पाणी मिळतं. उरलेलं ते डबक्यातून आणतात. म्हणून तोट्या मोजण्याआधी तोटी किती तास वाहते ते विचारा. रांग अर्ध्या तासापेक्षा लांबायला नको आणि झोपडीपासून तोटी ५०० मीटरच्या आत हवी.

घरटी दोन भांडी द्या, १० ते २० लिटरची. एक भरून आणायला, एक साठवायला. भांड्याचं तोंड अरुंद आणि झाकणाचं हवं, म्हणजे आत हात बुडत नाही. १९९३ मध्ये मलावीतल्या मोझांबिकी निर्वासितांच्या छावणीत झाकणाच्या, तोटी असलेल्या बादल्या वाटून पाहिल्या, तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांचे जुलाब सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले. पाण्याचा स्रोत बदलला नव्हता, फक्त भांडं बदललं होतं.

साठवण एका दिवसाची तरी हवी. ऑक्सफॅम या मदतसंस्थेची पत्र्याची जोडटाकी या कामात सगळीकडे दिसते: टी-११ मध्ये सुमारे ११,००० लिटर, टी-९५ मध्ये सुमारे ९५,००० लिटर मावतात. युद्धाच्या भागात डिझेल कधी बंद होईल सांगता येत नाही. पंप थांबला तरी टाकीत उद्याचं पाणी असलं पाहिजे.

गढूळ पाण्यात क्लोरीन टाकू नका

नदी, तळं, पावसाचं साठवण यांचं पाणी गढूळ असतं. मातीचे कण आणि कुजका पालापाचोळा क्लोरीन खाऊन टाकतात आणि जंतू त्यांच्या आडोशाला राहतात. गढूळता ५ एनटीयूच्या (गढूळता मोजण्याचं एकक) खाली आणायची. सुरुवातीच्या धांदलीत २० पर्यंत चालवून घ्यावं लागतं, पण ते थोडे दिवस.

घरात हंड्यात तुरटी फिरवतात, तेच काम इथे मोजून करायचं. १० ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा. हे १ टक्का द्रावण. त्याचा १ मिली एक लिटर कच्च्या पाण्यात टाकला की मात्रा १० मिलिग्रॅम प्रति लिटर होते. पारदर्शक बरण्यांत प्रत्येकी एक लिटर कच्चं पाणी घ्या आणि २, ४, ६, ८, १०, १२ मिली टाका. आधी मिनिटभर जोरात ढवळा, मग दहा-पंधरा मिनिटं अगदी सावकाश. कापसासारखे पुंजके दिसू लागतील. अर्धा तास ठेवा. ज्या बरणीत सर्वांत कमी तुरटीने पाणी निवळलं, तीच मात्रा. जास्त तुरटीने पाणी जास्त निवळेल असं नाही. मात्रा ओलांडली की पुंजके पुन्हा फुटतात आणि पाण्यात अॅल्युमिनियम उरतं.

समजा मात्रा ६० मिलिग्रॅम ठरली. १०,००० लिटरला ६०० ग्रॅम तुरटी लागेल. ती टाकीत वरून ओतू नका, तळाशी जाऊन बसते आणि वाया जाते. बादलीत विरघळवून पंपाच्या ओढणाऱ्या नळीत बारीक धारेने सोडा. टाकी भरेपर्यंत ती पुरली पाहिजे. पंपाचा पंखा ती जोरात मिसळतो. टाकीत येणारी नळी भिंतीला समांतर वळवली की पाणी गोल फिरतं आणि सावकाश ढवळण्याचं काम आपोआप होतं. मग चार-सहा तास हात लावायचा नाही. निवळी वरून काढून दुसऱ्या टाकीत घ्या. साका तळाशी राहू द्या आणि तो तोटीच्या किंवा ओढ्याच्या जवळ न सोडता खड्ड्यात पुरा.

निवळत नसेल तर पीएच (पाणी आम्लाकडे झुकतं की अल्काकडे, त्याचं माप) बघा. तुरटी साधारण साडेसहा ते साडेसात पीएचला नीट काम करते. स्वतः ती पीएच खाली आणते, म्हणून मऊ (क्षार कमी असलेल्या) पाण्यात थोडा चुना द्यावा लागतो. आणि पाऊस पडला की बरण्यांची चाचणी पुन्हा करायची. कालची मात्रा आज चालेलच असं नाही. हे न केल्यामुळे एका पावसात सगळी व्यवस्था बिघडते.

क्लोरीन: किती, कसा, कुठे फसतो

बाजारात दोन प्रकार मिळतात. एचटीएच, म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट, यात ६५ ते ७० टक्के क्लोरीन असतो. टीसीएल किंवा ब्लीचिंग पावडर ताजी असताना ३० टक्क्यांच्या आसपास असते, पण उघडी, ओलसर, उन्हात ठेवली की झपाट्याने उतरते. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाण्यासाठी वापरू नये.

१ टक्क्याचं मूळ द्रावण असं: एचटीएच १५ ग्रॅम, किंवा ३० टक्क्यांची टीसीएल ३३ ग्रॅम, एक लिटर स्वच्छ पाण्यात. पावडर पाण्यात टाकायची; पाणी पावडरीवर ओतायचं नाही, उसळतं. चुन्याचा साका बसू द्या आणि वरची निवळीच वापरा. प्लास्टिकच्या, झाकणाच्या, अपारदर्शक डब्यात सावलीत ठेवा, आठवड्यात संपवा. गोदामात एचटीएच आणि क्लोरीनच्या गोळ्या (एनएडीसीसी) शेजारी ठेवू नका, एकत्र तर कधीच मिसळू नका. ओलावा लागला तर ते मिश्रण पेट घेतं, स्फोटही होतो. डिझेल आणि अॅसिडही लांब हवं. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा यांत सवलत नाही.

मात्रा ठरवायला प्रत्येकी २० लिटरच्या पाच प्लास्टिक बादल्या घ्या. त्यांत मूळ द्रावण अनुक्रमे २, ३, ४, ५, ६ मिली टाका. हे १, १.५, २, २.५, ३ मिलिग्रॅम प्रति लिटर झालं. ढवळा, झाका, ३० मिनिटं थांबा. पीएच ८ च्या वर असेल किंवा पाणी गार असेल तर तासभर. मग प्रत्येक बादलीतला शिल्लक क्लोरीन, म्हणजे घाण आणि जंतूंवर खर्च होऊन उरलेला, मोजा. हवा तेवढा (किती, ते पुढे येतं) उरेल ती मात्रा घ्यायची. समजा २.५ ठरली: १०,००० लिटरच्या टाकीला २५ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे मूळ द्रावण अडीच लिटर, किंवा एचटीएच सुमारे ३८ ग्रॅम. वैद्यकीय शिक्षणात हॉरॉक्सचा संच (पाण्याला किती ब्लीचिंग पावडर लागेल ते ठरवणारा) शिकलेल्यांनी विहिरीवर हेच केलेलं असतं. इथे बादल्या असतात आणि रोज करावं लागतं.

मोजण्यासाठी डीपीडी-१ ची गोळी वापरा, ती मोकळ्या क्लोरीनला गुलाबी रंग देते. ओटीचा पिवळा रंग एकूण क्लोरीन दाखवतो. त्यात घाणीशी बांधला गेलेला क्लोरीनही येतो, म्हणून ओटीवर चांगलं दिसलेलं पाणी प्रत्यक्षात दुबळं असू शकतं. डीपीडी-३ सुद्धा एकूणच दाखवते आणि दोन्ही गोळ्यांची पाकिटं सारखी दिसतात, नाव वाचूनच फोडा. गोळीला बोट लावू नका. चाचणीची नळी त्याच पाण्याने तीनदा विसळा. रंग आला की लगेच वाचा.

एक चूक वारंवार होते आणि ती धोक्याची आहे. क्लोरीन फारच जास्त असला, लिटरला १० मिलिग्रॅमच्या पुढे, तर तो डीपीडीचा गुलाबी रंगच उडवतो. नळी पांढरी दिसते आणि माणूस "क्लोरीन नाही" समजून आणखी ओततो. पाण्याला वास येतोय आणि रंग मात्र नाही, तर नमुना साध्या पाण्याने दहापट पातळ करून पुन्हा मोजा.

टाकी नसेल, लोक थेट तळ्यावर किंवा हातपंपावर भरत असतील, तर बादलीत क्लोरीन द्यायचा. भरण्याच्या जागी एक माणूस ५ मिलीची सुई नसलेली सिरिंज घेऊन उभा राहतो. २० लिटरच्या जेरीकॅनला ४ मिली, १० लिटरच्या कळशीला २ मिली: दोन्हीत २ मिलिग्रॅम प्रति लिटर पडतात. भांड्यांचे आकार वेगवेगळे असतात, म्हणून पहिल्या दिवशी मोजून प्रत्येक प्रकारच्या भांड्यावर रंगाची खूण करा. क्लोरीनने सिरिंजचं रबर फुगून अडकतं, त्यामुळे सिरिंज सतत बदलाव्या लागतात. द्रावण रोज सकाळी ताजं घ्या. ही माणसं त्या छावणीतलीच निवडा. ज्याची भाषा कळते त्याच्याशी बाई वाद घालते, प्रश्न विचारते आणि मग पाणी घेऊन जाते.

तोटीला ०.५, घरात शून्य

नियम असा की तोटीवर लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असावा. शहरात पाइपातून येऊन लगेच प्यायल्या जाणाऱ्या पाण्याला हे पुरतं. छावणीत पाणी जेरीकॅनमध्ये भरलं जातं, उन्हातून नेलं जातं, रात्रभर ठेवलं जातं, मुलं त्यात पेला बुडवतात. दक्षिण सुदानच्या छावण्यांत घरोघरी मोजल्यावर हे स्पष्ट झालं की क्लोरीन वाटेतच संपतो. तिथल्या मोजमापांवरून तोटीवर १ मिलिग्रॅम ठेवण्याची शिफारस झाली, म्हणजे दहा तासांनंतरही घरात ०.२ राहतो.

साधा हिशेब पाहा. क्लोरीन दर पाच तासांनी निम्मा होत असेल, तर १ मिलिग्रॅमचा ०.२ व्हायला साडेअकरा तास लागतात आणि ०.५ चा साडेसहा तास. संध्याकाळी सहाला भरलेलं पाणी दुसऱ्या हिशेबात रात्री साडेबारालाच उघडं पडतं. पहाटे लेकरू जागं होऊन पाणी मागतं तेव्हा पेल्यात क्लोरीन नसतो.

तुमच्या छावणीत तो किती वेगाने उडतो, ते तिथेच मोजा. पाणी भरणाऱ्या बाईला विचारून तोटीपाशी नमुना घ्या, वेळ लिहा, झोपडीचा नंबर घ्या. सहा तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घरी जाऊन त्याच भांड्यातलं पाणी मोजा. अशी वीसेक घरं तरी हवीत, त्यातली निम्मी टोकाच्या वस्तीतली. तिथे लोक लांबून आणतात आणि जास्त वेळ साठवतात. उन्हाळा-पावसाळा बदलला की पुन्हा. या आकड्यावरून तोटीचा आकडा ठरवायचा, उलटं नाही.

आकडा किती वाढवायचा याला वरून बंधन आहे: चव. २ मिलिग्रॅमच्या आसपास वास नको इतका येतो आणि लोक तळ्याकडे वळतात. चव लागली म्हणून सोडून दिलेलं शुद्ध पाणी कुणालाच वाचवत नाही. म्हणून पाव-पाव मिलिग्रॅमने वाढवा, तोटीवर उभं राहून बायकांना विचारा.

जेरीकॅन धुणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. आत हिरवट-चिकट थर बसतो आणि तोच क्लोरीन खातो. मूठभर बारीक खडे, धुण्याची पावडर आणि थोडं पाणी घालून खळखळा हलवा, विसळा. मग ५ लिटर पाण्यात २५ मिली मूळ द्रावण घालून सगळ्या बाजूंना फिरवत अर्धा तास ठेवा, ओतून टाका आणि विसळा. महिन्यातून एकदा तोटीजवळच धुण्याचा दिवस ठेवला तर लोक भांडी घेऊन येतात.

शौचालय नसेल तर यातलं काहीच टिकत नाही. सुरुवातीला ५० माणसांमागे एक, लवकरात लवकर २० माणसांमागे एक. स्रोतापासून किमान ३० मीटर आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या दीड मीटर वर. माबानच्या काळ्या मातीत खड्डे ढासळतात आणि पावसाळ्यात भरून वाहतात, तिथे उंच ओटा करून टाकीचं शौचालय बांधावं लागतं. १९९४ मध्ये गोमात (आताच्या काँगोमधलं, रवांडाच्या सीमेवरचं शहर) उलट अडचण होती: ज्वालामुखीचा कठीण खडक, खणताच येईना. लोक किवू सरोवराचं पाणी प्यायले. कॉलरा आणि आव यांनी पहिल्या महिन्यात सुमारे ५०,००० रवांडी निर्वासित गेले. साबण माणशी महिन्याला ४५० ग्रॅम लागतो: आंघोळीला २५०, कपड्यांना २००. वाटपात सर्वांत आधी तोच कापला जातो, तो कापू देऊ नका.

जुलाब सुरू झाले तर

१९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात सुमारे एक कोटी लोक भारतात आले. सीमेवरच्या बनगावच्या रुग्णालयात कॉलराचे रुग्ण जमिनीवर पडले होते आणि सलाइन संपलं होतं. डॉ. दिलीप महालनबिस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या बनवून घेतल्या. ते पाणी तोटीच्या पिंपात भरलं आणि नातेवाइकांकडूनच पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून ३.६ टक्क्यांवर आलं. आजच्या ओआरएसच्या (जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याच्या) पाकिटात लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं, पण पाजण्याची रीत तीच.

पाकीट नसेल तर एक लिटर क्लोरीन दिलेल्या पाण्यात साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे सपाट. मीठ जास्त झालं तर मुलाला अपाय होतो. बनवलेलं पाणी २४ तासांनी फेकायचं.

शरीरातलं पाणी आटलेलं नसेल तर प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दहा वर्षांपर्यंत १०० ते २०० मिली, मोठ्यांना मागतील तेवढं. डोळे खोल गेले, तहान अनावर झाली, पोटाच्या कातडीची चिमूट सोडल्यावर ती सावकाश बसते, तर किलोला ७५ मिली चार तासांत. दहा किलोच्या मुलाला ७५० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. उलटी हे पाजणं बंद करण्याचं कारण नाही. अंगावरचं दूध चालू ठेवा. मुलांना जस्त (झिंक) रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखाली १० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस.

गुंगी, पिता न येणं, नाडी न लागणं: इथे शिरेतून रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखं क्षारांचं द्रावण), किलोला १०० मिली. वर्षावरच्यांना पहिले ३० मिली अर्ध्या तासात, उरलेले ७० अडीच तासांत. वर्षाखाली एक तास आणि पाच तास. भुकेने हडकुळलेल्या मुलाला हा वेग चालत नाही, हृदयावर ताण येतो. त्याचा निर्णय वेगळा, अनुभवी डॉक्टरनेच घ्यायचा. हे सगळं मोठ्या केंद्रावर. पण वस्तीत चालत पोचता येईल अशा अंतरावर ओआरएसचं ठाणं रात्रंदिवस उघडं हवं, कारण कॉलराचा रुग्ण काही तासांत जातो.

कॉलरा केंद्रात रुग्णाला दिवसाला ६० लिटर पाणी धरा आणि सोबतच्या माणसाला १५. क्लोरीनची तीन द्रावणं, तीन वेगळ्या रंगांच्या पिंपांत: हातांना ०.०५ टक्के (२० लिटरला एचटीएच १५ ग्रॅम), फरशी-खाटांना ०.२ टक्के (१० लिटरला ३० ग्रॅम), उलटी-जुलाबाच्या बादल्यांना २ टक्के (लिटरला ३० ग्रॅम). २ टक्क्यांचं हाताला लावलं तर कातडी भाजते, म्हणून पिंपावर चित्र काढा. नुसतं लिहून भागत नाही.

मोठ्या माणसाला तांदळाच्या पेजेसारखे जुलाब होऊन अंगातलं पाणी आटलं, तर प्रयोगशाळेची वाट न पाहता कळवा. आणि ठाण्याच्या वहीत नाव-वयाशेजारी दोन रकाने आखा: झोपडीचा नंबर आणि पाणी कुठून भरलं. ती वही रोज संध्याकाळी पाणीवाल्यांच्या हातात गेली पाहिजे, म्हणजे डीपीडीची नळी घेऊन ते त्याच रात्री त्या घरातल्या भांड्यापाशी पोचतात, आणि तिथून मागे त्या तोटीपाशी.